बजेट कुणाला विचारायचं?

"मॅडम, बजेट कुणाला विचारायचं असतंय?"

मी मान वर केली. टेबलासमोर तिशीची एक बाई उभी होती. एका खांद्याला बांगड्यांची जड पिशवी, दुसऱ्या हाताला सहाएक वर्षांची पोर. पोर माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती.

"कसलं बजेट?"

"ते मला ठाऊक असतं तर इथवर कशाला आले असते? हेडमास्तर म्हणायलेत, यंदा बजेट न्हाई. म्हणलं, बघावं तरी. बजेट म्हंजे माणूस हाय का कागुद?"

मागच्या टेबलावर सोनटक्के भाऊसाहेब खो-खो हसले. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. त्यांच्या खणात एक अडकित्ता, दोन शिक्के आणि तालुक्यातल्या प्रत्येक भानगडीचं उत्तर असायचं. मला तिथे लागून सातच महिने झाले होते. वडील शाळेत शिपाई होते, नोकरीत असतानाच गेले, आणि तेविसाव्या वर्षी मी अनुकंपेवर कनिष्ठ सहायक झाले. गव्हाणे मॅडम. 'मॅडम' म्हटलं की मी अजून मागे वळून बघायची, कुणाला हाक मारतात म्हणून.

बाईचं नाव मंदाकिनी कासार, गाव शेलवडी. ती गावोगाव फिरून बांगड्या भरायची. मुलीचं नाव पल्लवी. पल्लवीला फार कमी ऐकू यायचं. दारात फटाका वाजला तर दचकायची, नावानं हाक मारली तर नाही. वर्षापूर्वी शाळेत कानांची तपासणी झाली होती. पुढे शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं होतं, कानाची मशीन लावली तर पोरगी ऐकेल, बोलेलही, पण लवकर लावा. जीभ वळायचं वय निघून गेलं की मशीन असून नसून सारखीच.

"जून महिन्यात मोरदरीच्या तीन पोरांना मशिनी आल्या," मंदाबाई म्हणाली. "मोरदरी आमच्यापासनं दोन कोस. तालुका त्योच, जिल्हा त्योच. त्येंला बजेट हाय आन आमाला न्हाई. मला भांडायचं न्हाई बरं का मॅडम. भांडून हातात बांगडीसुदिक चढत न्हाई. मला निस्तं कळून घ्यायचंय, ही वाट कुठं फुटली?"

"वरूनच आलं नाही, बाई," भाऊसाहेबांनी मागून सांगून टाकलं.

"वर कुठनं?"

"जिल्ह्यावरून."

"जिल्ह्याच्या वर कोण?"

"मुंबई."

"आन मुंबईच्या वर?"

भाऊसाहेबांनी सुपारी तोंडात टाकली. मला हसू आवरेना.

खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात दयामाया काही नव्हती. मला त्या बाईचा प्रश्न आवडला, इतकंच. सात महिने मी रोज 'निधी', 'तरतूद', 'अंदाजपत्रक' असे शब्द लिहीत होते, आणि बजेट नेमकं कुठून निघतं, कुठे वळतं, कुठे थांबतं, हे मला तरी कुठे माहीत होतं? आणि ह्या बाईपेक्षा आपल्याला जास्त कळायला हवं असा थोडा ताठाही होता.

"शुक्रवारी या," मी म्हटलं. "शोधून ठेवते."

"सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मॅडमना अजून कुणी सांगितलं नाही वाटतं," ती गेल्यावर भाऊसाहेब म्हणाले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मंजुरीचं पत्र शोधून काढलं. अपंग मुलांच्या साधनांसाठी त्या वर्षी आमच्या तालुक्याला निधी आला होता. म्हणजे 'वरूनच आलं नाही' हे खोटं होतं. पत्राला मुलांच्या नावांची यादी जोडलेली होती. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, चष्मे, श्रवणयंत्रं. एक्केचाळीस नावं. यादी तीनदा वाचली. शेलवडीचं एकही नाव त्यात नव्हतं.

मग जिल्ह्याला फोन लावला. तिथल्या कुलथे मॅडम बोलायला तिखट, पण माहिती अगदी चोख.

"मॅडम, शेलवडीच्या मुलांची नावं तुमच्याकडे कापली गेली का?"

"आम्ही कशाला कापू? तुमच्या तालुक्यानं जेवढी मागितली तेवढी सगळीच्या सगळी मंजूर झाली. एकही कमी केलं नाही."

"म्हणजे आम्हीच मागितली नाहीत?"

"अहो, बजेट असंच तर बनतं. जानेवारीत तुम्ही आकडे देता, आम्ही बेरीज करून वर पाठवतो, जूनमध्ये तेच आकडे पैसे होऊन खाली येतात. सगळ्यांना वाटतं बजेट वरून खाली येतं. ते आधी खालून वर जातं, गव्हाणे. जे वर गेलंच नाही ते खाली कुठून येणार?"

फोन ठेवला तेव्हा मला कोडं अर्धं सुटल्यासारखा आनंद झाला होता. म्हणजे वाट मुंबईत फुटली नव्हती, जिल्ह्यातही नव्हती. ती आमच्याच तालुक्यात फुटली होती, आणि ती कुणी फोडली हे मला आता कळलंच पाहिजे होतं. माझा संशय सरळ शेलवडीच्या केंद्रप्रमुखांवर गेला. दहा-बारा शाळांचं एक केंद्र असतं, त्या शाळांची माहिती गोळा करून तालुक्याला द्यायचं काम त्यांचं. दिली नसणार. गुरुजी लोक आळशी असतात, हे मी भाऊसाहेबांकडून सात महिन्यांत सत्तर वेळा ऐकलेलं होतं.

शुक्रवारी मंदाबाई आली. मी तिला फोनवर कळलेलं सगळं सांगितलं.

"म्हंजे आमच्या गुरुजींनी आमची नावंच धाडली न्हाईत?"

"तसंच दिसतंय. उद्या मला सुट्टी आहे. मी येते शेलवडीला, त्यांनाच विचारू."

"असं म्हणता? पन त्यो मानूस तसा न्हाई वो."

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी शेलवडीला उतरले. मंदाबाई पल्लवीला घेऊन फाट्यावरच उभी होती. केंद्रप्रमुख भालके गुरुजींचं घर पिठाच्या गिरणीला लागून होतं. गिरण चालू होती, त्यामुळे सगळ्यांना ओरडून बोलावं लागत होतं. पल्लवी आत आली आणि गिरणीकडच्या भिंतीला दोन्ही तळहात टेकवून उभी राहिली. भिंत थरथरत होती. ते तिला फार आवडलं असावं, कारण ती एकटीच हसत होती.

भालके गुरुजी पन्नाशीचे, सडपातळ. तालुक्याहून कुणी आलं म्हणजे चौकशीच असणार, असं समजून ते आधी घाबरले, आणि मी विचारलं तेव्हा चिडले.

"पाठवली नाही? कोण म्हणतं पाठवली नाही?"

ते आतून एक फाईल घेऊन आले. "अकरा शाळा आहेत माझ्याकडं. प्रत्येक शाळेत स्वतः गेलो. एकेक पोर भिंतीकडं तोंड करून बसवलं, मागून हळू नाव घेतलं, मग जोरात घेतलं, मग टाळी वाजवली. ज्याला शंका वाटली त्याच्या घरी जाऊन आईबापाला विचारलं. चार पोरं निघाली. ही बघा स्थळप्रत."

स्थळप्रत म्हणजे पाठवलेल्या कागदाची आपल्याकडे ठेवलेली जोडप्रत. त्यावर चार नावं होती. दुसरं नाव, पल्लवी विलास कासार. गुरुजींचं अक्षर टपोरं होतं, पुढे वय, शाळा, कुठला कान, किती कमी, सगळं लिहिलेलं.

"पण हे पोचलं का तालुक्याला?" मी विचारलं.

"पोचलं म्हणजे? स्वतः हातात दिलं. मुदत बारा जानेवारीची होती, हे मान्य. पण त्या आठवड्यात आम्हाला मतदार याद्यांना जुंपलं होतं. चौदाला दिलं. दोन दिवस उशीर झाला, पण दिलं. पोच घेतलीय मी, खाली बघा."

मी खाली बघितलं. आमच्या कार्यालयाचा गोल शिक्का. १४ जानेवारी. शिक्क्यावर निळ्या शाईत एक छोटी सही. 'ज्यो'ची वेलांटीसारखी गिरकी आणि पुढे 'ग'.

ज्योत्स्ना गव्हाणे.

गिरणीचा पट्टा फटफटत होता. मी त्या कागदाकडे बघत राहिले, आणि मंदाबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठे बघायचं हे तिला बरोबर कळलं. तिनं शिक्क्यावर बोट ठेवलं.

"ही सही कुणाची?"

गुरुजींनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना समजलं. त्यांनी एकदम मान वळवून आत आवाज दिला, "अगं, चहा झाला का?" आणि मंदाबाईला म्हणाले, "असेल ऑफिसातल्या कुणाची तरी. तिथं माणसं काय कमी आहेत?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. चहा प्यायचा, 'चौकशी करते' म्हणायचं आणि अकराच्या एसटीत बसायचं. मंदाबाईला कधीच कळलं नसतं. नोकरी कायम व्हायची होती, घरात आई आणि धाकटा भाऊ होता. हे सगळं मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू?

पण ती अजून बोट ठेवून उभीच होती. तिचं तोंड रागाचं नव्हतं. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"माझी," मी म्हटलं.

"तुमची?"

"माझी सही आहे. हा कागद मीच घेतला."

"मग कुठं गेला?"

मग मला सगळं आठवलं आणि मी ते सांगितलं. बारा जानेवारीचा दिवस. मला लागून जेमतेम महिना झालेला. जिल्ह्याला संध्याकाळी पाचपर्यंत तक्ता फॅक्स करायचा होता. सगळ्या केंद्रांची नावं एकाखाली एक, आणि पुढे मुलांची संख्या. साडेचार वाजले तरी काही केंद्रांची माहिती आली नव्हती. मी भाऊसाहेबांना विचारलं, ह्या रकान्यांत काय लिहू? ते म्हणाले, रकाना कधी मोकळा पाठवायचा नसतो, मोकळा दिसला की वरून पत्र येतं, पत्र आलं की उत्तर द्यावं लागतं. निरंक लिही. मी निरंक लिहिलं. सगळं कार्यालय तसंच करायचं. दोन दिवसांनी भालके गुरुजी आले, तेव्हा तक्ता जाऊन पडला होता. मी शिक्का मारला, सही केली, कागद फायलीला लावला आणि पुढच्या तक्त्याला लागले. त्या महिन्यात मी असे वीस तक्ते केले असतील. शेलवडी हे मला त्यातलं एक नाव होतं, बस.

"निरंक म्हंजे काय?" मंदाबाईनं विचारलं.

"म्हणजे शून्य. म्हणजे या केंद्रात असं कुणी मूल नाही."

तिनं वळून भिंतीशी उभ्या असलेल्या पल्लवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"ही तर हाय की."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी गुरुजींच्या ओसरीवर बसून रडले. गुरुजींच्या मंडळींनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला. शेवटी मंदाबाईच म्हणाली, "रडून काय हुनार मॅडम? आता पुढं कसं हुतंय ते सांगा. आता कुणाला इचारायचं?"

सोमवारी मी जानेवारीचा तक्ता काढला. शेलवडीपुढे माझ्या अक्षरात निरंक होतं, आणि त्याच्या दोन ओळी खाली आणखी एक निरंक होतं. तळ्याचीवाडी केंद्र. तिथून तर नंतरही काही कागद आला नव्हता. मी चौकशी केली, तर त्या केंद्राला दोन वर्षं केंद्रप्रमुखच नव्हता. पद रिकामं. म्हणजे मोजायला कुणी नव्हतं, म्हणून मुलं नव्हती.

"तळ्याचीवाडी?" मंदाबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली. "तिथं मी दर आमुशेच्या बाजारानंतर बांगड्या भरायला जाते की. एका पोराचा पाय वाळलेला हाय, दारात बसून असतंय. आन वरच्या वस्तीला दोघी भैनी हायत्या, दिव्याखाली बी त्येंला दिसत न्हाई. चला, दावते."

बांगड्या भरणाऱ्या बाईला घरात सोपा ओलांडून आत जाता येतं, तिच्यापुढे बायका मुलांबद्दल मनातलं बोलतात. ती हातात बांगडी चढवताचढवता विचारायची आणि मी लिहून घ्यायची. दोन रविवार आम्ही असं फिरलो. तळ्याचीवाडीत सात मुलं निघाली. शेलवडीची चार. अकरा.

मी पुरवणी मागणीचं पत्र तयार केलं. त्यात आधी नावं का राहिली याचं कारण लिहावं लागतं. भाऊसाहेबांनी मसुदा वाचला, अडकित्ता बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"ज्योत्स्ना, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. 'नजरचुकीने' लिही. सगळे तेच लिहितात. त्या शब्दाला कुणी काही करत नाही."

"पण नजर चुकली नव्हती, भाऊसाहेब. मी बघितलंच नव्हतं."

"निरंक लिही असं मी म्हणालो होतो, हे पण लिहिणार आहेस का?"

"नाही. हात माझा होता."

संध्याकाळी मात्र त्यांनी ते पत्र स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, आणि सही होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

मला मेमो मिळाला. एक वेतनवाढ थांबली. घरी आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. जिल्ह्यावरून उत्तर आलं की चालू वर्षाचा निधी वाटून झालेला आहे, सदर अकरा लाभार्थ्यांचा समावेश पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात करण्यात येईल. कुलथे मॅडमना मी चार वेळा फोन केला. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "गव्हाणे, मी काय घरातून आणून देऊ का? गाडी सुटलीय. पुढची पकडा."

पुढची गाडी वर्षानं आली.

जुलै महिन्यात तालुक्याच्या शाळेत साधनांचं वाटप झालं. तळ्याचीवाडीच्या मुलाला तीनचाकी मिळाली, ती त्यानं पहिल्याच झटक्यात फळ्यावर नेऊन आदळली आणि सगळे हसले. त्या दोघी बहिणी चष्मा लावून एकमेकींकडे बघत बसल्या होत्या. पल्लवी सात वर्षांची झाली होती, उंच झाली होती. डॉक्टरांनी तिच्या कानामागे यंत्र बसवलं, त्यातली बारीक चकती फिरवली. मंदाबाई तिच्या पाठीमागे उभी होती. तिनं हाक मारली.

पोर वळली. आधी भीतीनं, मग आईकडे बघून तोंड उघडं टाकून हसली. हॉलमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर तिनं दोन्ही कान झाकून घेतले. माझ्या डोळ्यांना धार लागली. फेडलं, असं मला वाटलं. आता आपण सुटलो.

मंदाबाई मात्र डॉक्टरांपाशी गेली होती.

"आता ही बोलंल नव्हं?"

"बोलेल, पण हळूहळू. शब्द जड येतील. काही नीट येणारच नाहीत कदाचित. शाळेतल्या ताईंकडे रोज सराव घ्या," डॉक्टर म्हणाले. मग तिच्या जुन्या कागदावरची तारीख बघून पुटपुटले, "वर्षभर आधी आली असती तर पुष्कळ फरक पडला असता."

"पुष्कळ म्हंजे किती?"

"आता ते कसं सांगणार बाई?"

"आसं अंदाजानं सांगा की. या वयात वर्साला किती शब्द येत असतील पोरास्नी?"

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. त्यांना असं कुणी विचारलं नसावं. "असतील हजारभर तरी," ते म्हणाले.

मंदाबाईनं मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. पहिल्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभी राहून तिनं विचारलं होतं तसंच, खरंच माहीत करून घ्यायचं होतं म्हणून तिनं विचारलं,

"मॅडम, मग ते हजार शब्द आता कुठल्या हापिसात मागायचे?"